छोटा, हलका लॅपटॉप: घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर कसा वापरायचा

छोटा लॅपटॉप कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारतो, उघडणार कुठे? मांडीवर, ट्रेनमधल्या त्या वीतभर ट्रेवर, लायब्ररीत, की घरी टेबलावरच आणि महिन्यातून एखादवेळी बॅगेत? बहुतेक लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात, मग रॅम, मग एसएसडी म्हणजे स्टोरेज, आणि सगळ्यात शेवटी वजन बघतात, आणि छोट्या मशीनच्या बाबतीत हा क्रम साफ चुकीचा आहे. मोठ्या लॅपटॉपमधे काही कमी पडलं तर नंतर रॅम टाकता येते, एसएसडी बदलता येते. छोट्यात जागाच नसते, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, कधीकधी स्टोरेजसुद्धा, त्यामुळे जे पुढे बदलता येणार नाही ते आधी बघायचं. कीबोर्ड, स्क्रीन, रॅम आणि वजन. बाकीचं निभावून नेता येतं.

हलकं म्हणजे कमजोर असा एक समज आहे आणि तो काही उगाच पडलेला नाही. २००७ मधे असूसचा ई-पीसी आला, ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज, वजन किलोच्या आत. त्यानंतर दोनेक वर्षं असल्या छोट्या, स्वस्त मशीन्सचा म्हणजे नेटबुकांचा सुळसुळाट झाला आणि २०१० ला आयपॅड आल्यावर ते हळूहळू गायब झाले. त्याच सुमारास दुसरीकडे २००८ ला ऍपलने मॅकबुक एअर कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला, २०११ ला इंटेलने अल्ट्राबुक हे नाव आणलं, आणि आज जे सव्वा किलोचे चांगले लॅपटॉप दिसतात ते त्या दुसऱ्या लायनीतले. गंमत अशी की पहिली लाईनही पूर्ण बंद पडलेली नाही. आजही ११.६ इंची, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेलं स्वस्त स्टोरेज) असली मशीन्स नव्याकोऱ्या खोक्यात मिळतात, आणि विंडोज ११ ला किमान लागतात तेच बरोब्बर हे आकडे, ४ जीबी आणि ६४ जीबी. म्हणजे विंडोज आत जाऊन बसलं की तुम्हाला जागा उरत नाही, मोठा अपडेट आला की 'जागा कमी आहे' चा मेसेज, आणि ईएमएमसी एसएसडीपेक्षा कितीतरी हळू असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला थांबा. कितीही स्वस्त मिळालं तरी विंडोजसाठी हे घेऊ नका, माझं यावर ठाम मत आहे.

आता वजन. जाहिरातीत जे लिहिलेलं असतं ते फक्त लॅपटॉपचं. तुमच्या खांद्यावर जे येतं त्यात चार्जर, माऊस, हब (जादा पोर्टांची डबी), एखादी केबल, स्लीव्ह हे सगळं धरायचं. १.२ किलोचा लॅपटॉप आणि त्याच्यासोबत जुन्या पद्धतीचा विटेसारखा ऍडॅप्टर आणि ती जाड तीन पिनची वायर, की झाले पावणेदोन किलो, मग हलका कशाला घेतला. त्यामुळे टाईप-सी वर चार्ज होणाराच घ्या. मग ६५ वॅटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राईडवाला) चार्जर घेता येतो, तो मुठीत मावतो आणि फोनलाही तोच चालतो. १ किलोच्या खालचे लॅपटॉपही आहेत, पण तिथे कंपनीने ते वजन कुठून काढलं ते बघायचं. बऱ्याचदा बॅटरीतून काढलेलं असतं. झाकण दोन्ही कडांना धरून किंचित पिळून बघा, मधे दाबून बघा, लवणार थोडं सगळंच, पण स्क्रीनवर डाग किंवा लाटा उमटत असतील तर तो बॅगेत टिकणार नाही. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

स्क्रीनचा आकार इंचात सांगतात पण इंच फसवा असतो. १४ इंची १६:९ आणि १३.५ इंची ३:२ यांच्यात दुसऱ्याची उंची जास्त असते, आणि आपण दिवसभर जे करतो, वाचणं, लिहिणं, एक्सेल, मेल, त्याला उंचीच लागते. रुंद आणि बुटकी स्क्रीन सिनेमाला बरी. त्यामुळे छोट्या मशीनमधे १६:१० किंवा ३:२ मिळत असेल तर तेच बघा. १३६६ बाय ७६८ रिझोल्यूशन आता कुणीही घेऊ नये. १९२० बाय १२०० पुष्कळ झालं, त्याच्यावरचं ४के वगैरे १३ इंचावर डोळ्यांना फारसं कळत नाही आणि बॅटरी मात्र खातं. ब्राईटनेस निट्समधे लिहिलेला असतो, २५० निट्स म्हणजे घरात ठीक, खिडकीशेजारी बसलात की आरशात बघितल्यासारखं स्वतःचं तोंड दिसणार. बाहेर वापरणार असाल तर ४०० च्या आसपास हवा. आणि स्पेसिफिकेशनमधे '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं तर समजायचं की रंग फिके असणार, फोटो बघायला मजा नाही, फक्त टायपिंग करणार असाल तर चालेल.

कीबोर्डबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे कोणी बघतच नाही आणि नंतर रोज बोंब मारतात. पूर्ण आकाराच्या कीबोर्डमधे एका कीच्या मध्यापासून शेजारच्या कीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात. १३-१४ इंची लॅपटॉपमधे अक्षरांच्या कीज बहुतेक तेवढ्याच ठेवतात, पण ११-१२ इंचात जागा पुरत नाही, मग कंपनी काय करते, तर अक्षरं तशीच ठेवून उजव्या बाजूच्या कीज चेपते. कंस, सेमीकोलन, अवतरणचिन्ह, स्लॅश, बॅकस्लॅश, उजवा शिफ्ट, एंटर. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. पण तुम्ही इन्स्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीची सरकारी कीबोर्ड-मांडणी) मराठी टाईप करत असाल तर बघा काय होतं, च सेमीकोलनवर, ट अवतरणचिन्हावर, ड चौकटी कंसावर, य स्लॅशवर, आणि 'कॉलेज' या शब्दातला तो ॉ बॅकस्लॅशवर. म्हणजे आपली रोजची अक्षरं नेमकी त्या चेपलेल्या कीजवर. वर आणखी अ, आ, इ, ई, उ, ए हे सगळे सुटे स्वर डाव्या हाताच्या कीजवर शिफ्ट दाबून येतात, त्यामुळे नीट टायपिंग शिकलेला माणूस उजवा शिफ्ट सारखा वापरतो, आणि छोट्या कीबोर्डवर उजवा शिफ्ट अर्धा करून त्याच्या शेजारी वरचा ऍरो घुसवलेला असतो. 'आई' लिहायला गेलात की कर्सर वरच्या ओळीत. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना, हा त्रास कमी, पण तरी घेण्याआधी दुकानात नोटपॅड उघडून दोन-तीन परिच्छेद खरोखर टाईप करून बघाच. ऑनलाईन घेत असाल तर कीबोर्डचा वरून काढलेला फोटो मोठा करून उजवी बाजू बघा. बॅकलाईट आहे की नाही तेही, प्रवासात अंधारात बसायची वेळ येतेच.

रॅम १६ जीबी. ८ मधे आज काम होतं, खोटं नाही, पण ब्राउझरच्या वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि वर्ड एकत्र चालू केलं की ८ जीबीचा घाम निघतो, आणि सोल्डर केलेली असल्यामुळे पुढची पाच वर्षं तेवढ्यातच काढायची. स्टोरेजचं तेवढं टेन्शन नाही, ५१२ जीबी बरं, २५६ वरही भागतं जर एसएसडीचा स्लॉट उघडून बदलता येत असेल.

प्रोसेसरच्या नावांनी लोकांना फार चकवलंय. मोठा आकडा म्हणजे नवीन असं आपण समजतो. एएमडीच्या ७००० सीरिजमधे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू दोन्ही सारखेच वाटतात, पण तिसरा आकडा बघा, २ म्हणजे आत झेन २, जुनं डिझाईन, आणि ४ म्हणजे झेन ४. खोक्यावर दोन्हीवर '७००० सीरिज'च लिहिलेलं. इंटेलचा एन १०० हा ६ वॅटचा चार कोरचा छोटा प्रोसेसर आहे, मेल, ब्राउझिंग, टायपिंग, पिक्चर बघणं याला तो खरंच पुरतो आणि मला तर तो आवडतो, पण त्याच किमतीत दोन कोरवाले जुने सेलेरॉन गळ्यात मारतात त्यांच्यापासून लांब राहा. स्नॅपड्रॅगन एक्सवाली विंडोज मशीन्स २०२४ पासून आली आहेत, बॅटरीला झकास, पण ती एआरएम म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालत असल्यामुळे जुना प्रिंटर, जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचा डोंगल यांचे ड्रायव्हर मिळतील की नाही ते आधी नक्की करायचं. साधी सॉफ्टवेअर बहुतेक चालतात, घोडं ड्रायव्हरवर अडतं.

आणि फॅन. फॅन नसलेल्या मशीनचा आवाज शून्य, धूळ आत जात नाही, पण सलग जड काम दिलं की ती गरम होऊन स्वतःच वेग कमी करते. ऍपलच्या एम सीरिजच्या एअरमधे २०२० पासून फॅन नाही आणि रोजच्या कामात कोणाला कळतही नाही, तासभर व्हिडिओ एक्सपोर्ट करायला लावलात तर मग कळेल.

बॅटरीचे '१८ तास' वगैरे आकडे सोडून द्या, वॅट-अवर बघा, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते, तो आकडा लपवता येत नाही. हलक्या कामात छोटा लॅपटॉप साधारण ५ ते ८ वॅट खातो. म्हणजे ५० वॅट-अवरची बॅटरी असेल तर ५० भागिले ६, आठेक तास. व्हिडिओ कॉल लावला की खर्च दुपटीवर जातो, मग चार तास. ३८ वॅट-अवरवाला त्याच कामात आणखी लवकर झोपणार. सगळ्यात जास्त फरक स्क्रीनच्या ब्राईटनेसने पडतो, तो निम्मा केला तरी बराच वेळ वाढतो. डार्क मोडने बॅटरी वाचते म्हणतात ते ओएलईडी स्क्रीनपुरतं खरं, साध्या एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत असतो.

पॉवर बँकेचा हिशोब इथेच करून टाकू. तिच्यावर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते ३.७ व्होल्टचं असतं, म्हणजे २० गुणिले ३.७, ७४ वॅट-अवर, त्यातून जाताजाता थोडं उष्णतेत उडतं, तरी साधारण एक पूर्ण चार्ज मिळतो. पण ती पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरीवाली हवी आणि आऊटपुट किमान ४५ वॅट हवं, नाहीतर लॅपटॉप तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १०० वॅट-अवरपर्यंतची चालते, पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. बाजारात २७,००० एमएएचच्या दिसतात त्या ९९.९ वॅट-अवर होतात, म्हणून तो आकडा. केबलही बघून घ्या, साधी टाईप-सी केबल ६० वॅटपर्यंतच देते, त्याच्या वर ५ अँपिअरची वेगळी लागते.

पोर्ट्स. दोन टाईप-सी असावेत, शक्यतो दोन्ही बाजूंना एकेक, आणि दोन्हींवरून चार्जिंग आणि डिस्प्ले चालतो का ते स्पेसिफिकेशनमधे वाचा, कारण दिसायला सारखे असले तरी एकावरून फक्त डेटा जातो असं बऱ्याचदा असतं. एखादा जुना मोठा यूएसबी असला तर हब नेणं वाचतं.

टॅबलेटला कीबोर्ड लावून काम भागेल का, हाही प्रश्न येतोच. भागतं, जर तुमचं काम मुख्यतः वाचणं, हाताने नोट्स काढणं, सह्या करणं असेल. लिहिणं जास्त असेल तर नाही, मांडीवर तो स्टँड मागे पडतो, आणि कीबोर्ड कव्हर धरून वजन कित्येकदा लॅपटॉपएवढंच होतं. क्रोमबुक विद्यार्थ्यांना आणि घरातल्या मोठ्यांना छान, पण प्रत्येक मॉडेलला अपडेटची शेवटची तारीख ठरलेली असते, ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही, त्यामुळे जुनं मॉडेल ऑफरमधे घेताना ती तारीख बघा.

कमी पैशात चांगलं हवं असेल तर ऑफिसमधून निघालेले बिझनेस लॅपटॉप बघा, थिंकपॅडची एक्स सीरिज, लॅटिट्यूड ७०००, एलिटबुक ८३० असले. नव्या स्वस्त मशीनपेक्षा यांचा कीबोर्ड आणि बांधणी कितीतरी सरस. अट एवढीच की इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, कारण विंडोज ११ अधिकृतपणे तिथूनच पुढे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपलाय. पैसे देण्याआधी दोन गोष्टी समोर करून घ्यायच्या. एक, विंडोज रीसेट करून सुरुवातीचा सेटअप नेटला जोडून चालवायचा, तिथे एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे, घेऊ नका, विकणारा कितीही 'होऊन जाईल साहेब' म्हणाला तरी. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड आहे का तेही तेव्हाच बघा. दोन, बॅटरी रिपोर्ट. कमांड प्रॉम्प्टमधे powercfg /batteryreport ही कमांड दिली की एक फाईल बनते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा ५०,००० आणि ३१,०००, तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे, नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा.

घेतल्यावर पहिल्या दिवशीच डिस्प्लेचं स्केलिंग बघा. कंपनी १५० टक्के ठेवून देते, सगळं मोठं दिसतं आणि स्क्रीनवर काहीच मावत नाही. १२५ करून बघा, डोळ्यांना झेपलं तर तेच ठेवा. टास्कबार आपोआप लपणारा करा, तेवढीच एक ओळ वाढते. छोट्या स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी लावण्यापेक्षा वेगवेगळे डेस्कटॉप वापरणं सोपं पडतं, विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा ऍरो, एकावर मेल, एकावर लिखाण, चार दिवसात हाताला सवय होते आणि मग माऊस न्यायची गरजही कमी होते.

बॅगेत ठेवताना झाकण मिटलं की लॅपटॉप झोपला असं समजू नका. नवी विंडोज मशीन्स फोनसारखी अर्धवट जागी राहतात, अपडेट शोधतात, आणि तासाभराने बॅग उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी अर्ध्यावर. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधे जाऊन झाकण मिटल्यावर हायबरनेट असं लावून टाका. चालू व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, लागू देत. घरी कायम चार्जरला लावून वापरणार असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बहुतेक कंपन्यांच्या ऍपमधे असते, ती चालू करा, लिथियमला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता दोन्ही मानवत नाही. लांब जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री १०० करायचं.

उघडताना झाकण मधोमध धरा, कोपऱ्याला धरून उघडलं की बिजागरी आणि पातळ स्क्रीन दोन्हीवर ताण येतो. कॅमेऱ्यावर चिकटवायची ती प्लास्टिकची सरकती झाकणं असतात ना, पातळ लॅपटॉपला ती लावू नका, मिटताना तेवढ्या जागी दाब येऊन स्क्रीन तडकते, ऍपलने स्वतः तशी सूचना दिलेली आहे. आणि बॅगेत लॅपटॉपच्या झाकणाकडच्या बाजूला पाण्याची बाटली किंवा चार्जर कोंबू नका, सपाट वही-पुस्तक चालेल.

मान. छोटा लॅपटॉप टेबलावर ठेवून रोज सहा-आठ तास काम केलंत तर मान धरणारच, स्क्रीन खूप खाली असते. घरी एखादा स्टँड किंवा जाड पुस्तकांची चळत, आणि वेगळा कीबोर्ड-माऊस, किंवा थेट मॉनिटर. टाईप-सी मॉनिटर असेल तर एकाच केबलमधे चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं, घरी आल्यावर एक केबल लावायची की झालं.

शेवटचं म्हणजे ही वस्तू हरवायला फार सोपी आहे, सीटच्या खिशात राहते, कॅफेत खुर्चीवर राहते. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय आतलं काही वाचता न येण्याची सोय) बऱ्याचदा आपोआप चालू होतं, सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन एकदा खात्री करा, मॅकवर त्या सोयीचं नाव फाईलव्हॉल्ट. विंडोजवाल्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सेव्ह असते, पण कधी बायोस अपडेटनंतर मशीन अचानक ती ४८ आकडी की मागतं आणि तेव्हा नेमका त्या अकाउंटचा पासवर्ड आठवत नाही, म्हणून तिची एक प्रिंट काढून घरी कागदपत्रांच्या फाईलमधे लावून ठेवा, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नाही, आणि बॅगेच्या कप्प्यात तर मुळीच नाही.